शिकवण्याचा तास कुणाचा?

आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला आता पाच महिने झाले. उजवी बाजू हलत नाही, बोलणं तुटक. मी आणि बायको दोघंही नोकरीवर, म्हणून एका ब्युरोकडून बारा तासांसाठी मुलगी ठेवली. वीस-एकवीस वर्षांची, मनमिळाऊ, कामाचा कंटाळा नाही. रुग्णसहायकाचा काही महिन्यांचा कोर्स केलेला, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. तिसऱ्या आठवड्यात आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. चौथ्या आठवड्यात तिथली कातडी सुटली.

ब्युरोला फोन केला. ते म्हणाले, "आम्ही सर्टिफिकेट बघूनच मुली पाठवतो." जिथे तिने कोर्स केला तिथे विचारलं. उत्तर आलं, "आम्ही अभ्यासक्रम पूर्ण शिकवतो, प्रॅक्टिकल हॉस्पिटलकडे असतं." ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "दादा, आम्हाला बाहुलीवर दाखवलं होतं." तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. तरी आईची पाठ सोलली होती.

मागच्या रविवारी आत्या आणि माझी चुलत बहीण, ताई, आईला बघायला आल्या. आत्या सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली आणि आता एका खासगी रुग्णालयाचा नर्सिंग विभाग सांभाळते. ताई नर्सिंग कॉलेजात शिकवते. दोघींच्या संस्था मिळून रुग्णसहायकांचा एक वर्षाचा कोर्स सुरू करायचं घाटतं आहे. त्या कराराचा मसुदा आत्याच्या पिशवीत होता. आईच्या खाटेशेजारी बसून तो वाचायला घेतला आणि बोलणं वादावर आलं. ते बोलणं इथे मांडतो आहे.

आत्या : माझं म्हणणं सरळ आहे. मुलगी पहिल्या दिवसापासून वॉर्डात पाहिजे. आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे पाठवू. शरीररचना, आहार, जंतुसंसर्ग, काय शिकवायचं ते शिकवा. बाकीचे पाच दिवस आमच्याकडे.

ताई : त्या पाच दिवसांत ती काय करणार?

आत्या : काम करणार. कामाला हात लागला की शिकतं माणूस. मी अशीच शिकले.

ताई : तुझ्या होस्टेलच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. दुसऱ्या वर्षाला असताना रात्री चाळीस पेशंटांचा वॉर्ड तू आणि एक ज्युनिअर मिळून सांभाळायचात. तू ते अभिमानाने सांगतेस, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. पण मी ऐकते तेव्हा मनात येतं, त्या रात्री तुला शिकवत कोण होतं?

आत्या : पेशंट शिकवत होते. काही चुकलं की सकाळी सिस्टर शिकवायच्या.

ताई : आणि चूक ज्याच्या अंगावर झाली, त्या पेशंटचं काय?

आत्या : असं तोडून बोलू नकोस. वॉर्डाने काय काय शिकवलं ते आधी बघ. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तिथल्याच नर्सला बाकीच्या नर्सेसनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. बेचाळीस वर्षं अंथरुणावर, आणि अंगावर बेडसोअर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेचं कौतुक केलं. त्या बेचाळीस वर्षांत नर्सेसच्या किती पिढ्या बदलल्या असतील! जुनीने नवीला हाताला धरून दाखवलं म्हणूनच ते टिकलं. हे कुठल्या वर्गात शिकवता येतं, सांग.

ताई : येत नाही. ते मी मान्य करते. पण तिथे जुनीला नवीसाठी वेळ काढावासा वाटला, कारण अरुणा त्यांचीच होती. रोजच्या वॉर्डात तसं होतं का? तुझ्या मसुद्यातलं चौथं कलम वाच. "विद्यार्थिनींना रुग्णालयाच्या गरजेनुसार कोणत्याही विभागात व कोणत्याही पाळीत नेमता येईल." याला मी शिक्षण म्हणणार नाही. ही कमी पगाराची भरती आहे.

आत्या : आणि तुमच्याकडे काय आहे? नर्सिंग कौन्सिल म्हणतं कॉलेजला शंभर खाटांचं स्वतःचं रुग्णालय हवं. कागदावर ते असतं. प्रत्यक्षात तुमच्या मुली बसने येतात, एका खाटेभोवती बारा जणी उभ्या राहतात, केस लिहून घेतात आणि दुपारी परत बसमध्ये बसतात. एकीनेही बेडपॅन दिलेलं नसतं. मॅडम कुठे असतात? एका बाजूला बसून जर्नलवर सह्या करत. माझ्या स्टाफला त्या मुलींचा उपयोग नाही आणि मुलींना माझ्या वॉर्डाचा नाही.

ताई काही बोलली नाही. मला वाटलं तिला राग आला असेल, पण ती मान हलवत होती.

ताई : खरं आहे. मी नऊ वर्षं शिकवते आहे. या नऊ वर्षांत एकाही पेशंटची संपूर्ण पाळी मी सांभाळलेली नाही.

तेवढ्यात सात वाजले. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली आणि ती मुलगी आत आली. तिने नेहमीप्रमाणे आईच्या काखेत हात घातले. आत्या उठली.

"थांब बाळ. ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे सरकतं. कातडी आतल्या आत फाटते." आत्याने एक चादर दुमडून आईच्या खाली सरकवली, एक टोक त्या मुलीच्या हातात दिलं, दुसरं ताईच्या. "आता दोघींनी एकदम उचला. एक, दोन, तीन." ताईचे हात अडखळले. दुसऱ्यांदा जमलं. आई कुशीवर झाली. आत्याने पाठीमागे उशी खोचली, पोटऱ्यांखाली एक उशी दिली आणि टाचा अधांतरी राहतात की नाही ते बोटं घालून पाहिलं. मग सवयीने म्हणाली, "स्पिरिट आणि पावडर आण, पाठ चोळून देऊ."

ताईने तिचा हात धरला. "आत्या, लाल झालेल्या जागी चोळायचं नाही. तिथल्या खालच्या ऊती आधीच दुखावलेल्या असतात. चोळल्याने जखम वाढते. आता हे शिकवत नाहीत."

आत्या थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. "आम्ही तीस वर्षं चोळलं," ती हळू आवाजात म्हणाली.

ती मुलगी धीर करून म्हणाली, "पूर्ण कुशीवर का नाही झोपवायचं? असं अर्धवट का?" आत्या म्हणाली, असंच करतात. ताईने मात्र तिचा हात धरून तिच्याच कमरेच्या बाजूच्या हाडावर ठेवला. "सरळ कुशीवर झोपलीस की सगळा भार या हाडावर येतो. तीस अंशांत कलती ठेवली की भार मागच्या मांसल भागावर जातो. हाडावर कातडी पातळ असते, तिथला रक्तपुरवठा दाबला जातो. आता ही टाच बघ. लाल दिसते ना? बोटाने दाब आणि सोड. पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर आत इजा झालेली आहे, मग लगेच सांगायचं."

मुलीने दाबलं, सोडलं, पाहिलं. परत दाबलं. मी घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं झाली होती. चार महिन्यांत तिला कोणी दिली नव्हती इतकी मिनिटं.

ती चहा करायला गेल्यावर दोघी परत बसल्या. दोघींचाही आवाज खाली आला होता.

ताई : आत्या, तुझ्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या सिस्टरकडे एका मुलीला द्यायला पंचवीस मिनिटं आहेत का?

आत्या : नाहीत. तीस पेशंट आणि दोन सिस्टर. औषधं, सलाईन, डिस्चार्जची कागदपत्रं. पंचवीस मिनिटं कुठून आणायची?

ताई : मग मुलगी वॉर्डात पाच दिवस राहिली काय आणि पन्नास दिवस राहिली काय, ती बघून बघून शिकणार. स्पिरिट चोळणंही तशीच शिकणार. वॉर्ड चांगलं जितक्या निष्ठेने पुढे देतो, तितक्याच निष्ठेने चूकही पुढे देतो. म्हणून मला कॉलेज लागतं.

आत्या : आणि कॉलेजला वॉर्ड लागतो. तुझे हात आज बघितले मी.

ताई : हो. त्या दोघांमध्ये कोणीतरी उभं राहायला लागतं. जर्मनीत त्या उभं राहण्याचं मोजमाप केलं आहे. २०२० च्या जानेवारीपासून तिथे परिचर्येच्या शिक्षणाचा नवा कायदा लागू आहे. तीन वर्षांचं शिक्षण, शाळेत २,१०० तास, कामाच्या जागी २,५००. कामाच्या जागी घालवलेल्या वेळापैकी किमान दहा टक्के वेळ असा, की त्या वेळी एक ठरलेली मार्गदर्शक परिचारिका सोबत असते आणि काय शिकवायचं हे आधी ठरलेलं असतं. त्या मार्गदर्शकेला स्वतःला शिकवण्याचं ३०० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलीशी करार करतं रुग्णालय किंवा वृद्धांचं निवासगृह, आणि पहिल्या महिन्यापासून तिला पैसे देतं. शाळेची फी नाही.

आत्या : हो, ऐकलंय. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाच आहे ना, आपली मुलं पाठवायचा. त्यात नर्सिंगही आहे. त्यांच्याकडे म्हातारी माणसं जास्त आणि पैसाही जास्त. आपल्याकडे दहा टक्क्यांचा खर्च कोण देणार?

ताई : तिथेही माणसं कमी पडली की मार्गदर्शनाचे तास आधी कापले जातात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. पण कापले गेले तर काय कापलं हे तरी कळतं, कारण आकडा कायद्यात आहे. आपल्याकडे आकडाच नाही, त्यामुळे हरवलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आत्या : माझ्या अडचणीचं उत्तर दे. समजा मी सिस्टरचा वेळ दिला, मुलगी तयार केली. सहा महिन्यांनी शेजारचं हॉस्पिटल दोन हजार जास्त देऊन तिला नेतं. किंवा ती दुबईला जाते. शिकवण्याचा खर्च माझा, फायदा दुसऱ्याचा. म्हणून मसुद्यात दोन वर्षांचा बाँड घातला आहे, मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे ठेवायची अट घातली आहे. तू ते वाचून तोंड वाकडं केलंस, मी पाहिलं.

ताई : बाँड कुठून जन्माला येतो ते तूच सांगितलंस. पण त्याची किंमत कोण मोजतं? २०११ मध्ये मुंबईत खासगी रुग्णालयातल्या परिचारिका याच बाँडविरुद्ध संपावर गेल्या होत्या. कागद अडकवून ठेवलेली मुलगी नोकरीत राहते, पण मन लावून राहत नाही. जर्मनीने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. प्रत्येक राज्यात एक सामाईक निधी आहे. शिकवणारं रुग्णालय असो की न शिकवणारं, सगळ्यांनी त्यात पैसे भरायचे. जो शिकवतो त्याला त्यातून पैसे मिळतात. मग मुलगी कुठेही गेली तरी शिकवणाऱ्याचं नुकसान होत नाही.

आत्या : तसं आमच्या सांगलीत झालं असतं तर मी बाँड आजच फाडला असता. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहेच की, १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं कामाला असली तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. पण ती मदत शिकणाऱ्या मुलीच्या विद्यावेतनाला. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सिस्टरचा तास त्या हिशेबात दिसत नाही.

इथे मी पहिल्यांदा बोललो. माझं शिक्षण समाजकार्याचं. आमच्या क्षेत्रात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. १९३६ मध्ये मुंबईला नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. तेव्हापासून फील्डवर्क हा या शिक्षणाचा कणा आहे. आम्ही आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत काम करायचो. संस्थेतला एक मार्गदर्शक आणि कॉलेजातले एक शिक्षक. प्रत्येक आठवड्याला अहवाल लिहायचा आणि शिक्षकांसमोर बसून त्यावर बोलायचं. माझी वाक्यं खोडली जायची, आणि विचारलं जायचं, "त्या बाईंना तू हे विचारलंस तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं?" मी जे काही शिकलो ते त्या तासात शिकलो. ज्या सत्रात शिक्षकांना वेळ नव्हता, त्या सत्रात मी तितकेच दिवस वस्तीत गेलो आणि फारसं काही हाती लागलं नाही.

ताई : तोच तास. मी त्याच तासाबद्दल बोलते आहे.

आत्या : ठीक आहे, तास धरू. पण तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. या मुली वॉर्डात राहणार नाहीत. ही बघ, हिच्यासारख्या घरोघरी जाणार. २०११ च्या जनगणनेत साठीवरची माणसं देशात दहा कोटींवर होती, आता त्याहून किती वाढली असतील. मुलं परगावी किंवा परदेशात. वॉर्डात काही अडलं तर दहा पावलांवर सिस्टर असते. घरात कोणाला विचारणार? ही मुलगी महिनाभर एकटी होती. चट्टा लाल झाला तेव्हा तिला दिसला असेल. सांगायचं कोणाला, हे तिला माहीत नव्हतं.

ताई : म्हणजे कोर्स संपला तरी शिकवणं संपवता येत नाही.

आत्या : तेच. जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या बायका निवडल्या, त्यातल्या कितीतरी अजिबात न शिकलेल्या. त्या शिकल्या कशा? ठरलेल्या दिवशी केंद्रावर यायचं, काय काय पाहिलं ते सांगायचं, नवीन एक गोष्ट शिकून गावी जायचं. वर्षानुवर्षं. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंगांनी आरोग्यदूत तयार केल्या. खेड्यातल्या बायका नवजात बाळाचा श्वास मोजतात, जंतुसंसर्ग ओळखतात, इंजेक्शन देतात. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. त्यातल्या कोणाकडे पदवी नव्हती.

ताई : पण कोणीतरी ठरवून, पायरीपायरीने शिकवलं होतं. बाळाचा श्वास एका मिनिटाला साठ किंवा जास्त म्हणजे धोका, ही रेघ डॉक्टरांनी आखून दिली. ती रेघ शास्त्राची. आणि देखरेख करणारं माणूस नियमित गावात जायचं. आत्या, तू तुझं उदाहरण म्हणून सांगितलंस, पण त्यात मीही आहे आणि तूही आहेस.

आत्याने चष्मा काढून पुसला. मग मसुदा पुढे ओढला आणि मला म्हणाली, "पेन दे."

चौथ्या कलमावर तिने आडवी रेघ मारली. नंतरचा तासभर दोघी एकेका वाक्यावर अडून बसल्या. शेवटी जे लिहिलं गेलं ते असं. आठवड्यातले सहा तास शिकवण्याचे. त्या तासांत विद्यार्थिनीला आणि तिला शिकवणाऱ्या सिस्टरला, दोघींनाही वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजायचं नाही. शिकवणाऱ्या सिस्टरला कॉलेज प्रशिक्षण देईल, रुग्णालय भत्ता देईल. कॉलेजच्या प्रत्येक शिक्षिकेने आठवड्यातून एक दिवस वॉर्डात स्वतः पेशंट सांभाळायचे. शेवटचे दोन महिने घरी असलेल्या रुग्णांकडे, आधी जोडीने, मग एकटीने. नोकरीला लागल्यावरही वर्षभर महिन्यातला अर्धा दिवस कॉलेजात परत यायचं, आणि रात्री-अपरात्री विचारता येईल असा एक फोन नंबर प्रत्येकीकडे असायचा. मूळ प्रमाणपत्रं मुलीकडेच राहतील.

बाँडवर मात्र दोघींचं पूर्ण जमलं नाही. आत्याला एक वर्ष तरी हवं होतं. ताई म्हणाली, एक वर्षही कागदाने बांधू नका, पगाराने बांधा. आत्या म्हणाली, ते माझ्या हातात नाही, व्यवस्थापनाच्या हातात आहे. ते कलम मोकळं ठेवलं.

ताई : सहा तासांचा खर्च व्यवस्थापनाला कसा पटवशील?

आत्या : याच्या आईच्या पाठीच्या ड्रेसिंगला महिन्याला किती पैसे जातात ते विचारलं मी याला. तो आकडा घेऊन जाईन. आमच्याकडे आठ दिवसांसाठी आलेला पेशंट बेडसोअरमुळे महिनाभर राहतो, असे किती असतात तेही काढून नेईन. आणि शिकवायला पहिली मी उभी राहीन. फक्त तू मला आधी शिकव, काय काय बदललंय ते. चोळायचं नाही हे मला आज कळलं, हे मला लागलं गं.

ताई : मी तुझ्याकडून वळवायला शिकीन.

मी त्यांचं बोलणं ऐकताना त्या तीन उत्तरांचा विचार करत होतो. ब्युरोने प्रमाणपत्र पाहिलं होतं. संस्थेने अभ्यासक्रम संपवला होता. मुलीने बाहुली वळवली होती. प्रत्येकाने आपला भाग केला, आणि दोन भागांना जोडणारा तास कोणाच्याच वाट्याला आला नाही. कॉलेज आणि रुग्णालय यांच्यात कितीही करार होवोत, सह्या होताना फोटो निघोत, मी आता त्यात एकच गोष्ट शोधीन. शिकणाऱ्या मुलीशेजारी कोण उभं राहणार, किती वेळ, आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार. हे लिहिलेलं नसेल तर त्याची किंमत माझ्या आईसारखं कोणीतरी अंगावर मोजतं.

नऊ वाजता आईला परत वळवायची वेळ झाली. आत्या उठायला लागली तशी ताईने तिला खांद्याला धरून बसवलं. ती मुलगी आत आली. चादरीचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि मला म्हणाली, "दादा, ओढायचं नाही. तीनला उचलायचं." आईला आम्ही दुसऱ्या बाजूला कलतं केलं. उशा लागल्या. मग ती पायाशी वाकली, आईच्या डाव्या टाचेवर बोट दाबून सोडलं आणि दिव्याच्या उजेडात डोळे जवळ नेऊन बघत राहिली.

"पांढरं होतंय," ती म्हणाली, आणि वहीत वेळ लिहिली.